काळ्या पानांचा एकेरी डेलिया: पठारावरच्या हिवाळ्यासाठी

हिवाळ्यात नर्सरीत डेलिया मागितला की थाळीएवढी, गच्च पाकळ्यांची फुलंच पुढे येतात. एकेरी डेलियाला मधोमध उघडा गाभा आणि भोवती साधारण आठ पाकळ्यांची एकच ओळ असते. त्याची पानं जांभळट काळी असली, तर कळी धरायच्या आधीच झाड वाफ्यात उठून दिसतं. शिवाय गाभा उघडा असल्यामुळे सातेरी आणि फुलोरी मधमाश्यांना पराग सहज मिळतो. गच्च दुहेरी फुलावर त्यांच्या हाती फारसं काही लागत नाही.

पानाचा काळेपणा अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. भरपूर ऊन आणि थंड रात्री मिळाल्या की तो गडद होतो, सावलीत किंवा जादा नत्राने फिका पडून हिरवा रंग वर येतो. म्हणून जागा निवडताना आणि खत देताना आधी पानाचा विचार करायचा. पान काळं राहिलेल्या झाडाला फुलंही चांगली येतात, कारण दोन्हींच्या गरजा सारख्याच आहेत.

या गटातलं सगळ्यात नावाजलेलं वाण म्हणजे ‘बिशप ऑफ लँडाफ’, १९२४ साली वेल्समधल्या कार्डिफला तयार झालेलं. त्याचं फूल लालभडक, पण काटेकोरपणे एकेरी नाही, अर्धदुहेरी आहे. खरी एकेरी म्हणजे पांढरं ‘ट्वायनिंग्ज आफ्टर एट’, पिवळ्यावर तांबडं कडं असलेलं ‘मूनफायर’ आणि बुटकी ‘हॅपी सिंगल’ मालिका. यांचे कंद आपल्याकडे सहज मिळत नाहीत. परदेशातून आणायचे तर आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं; बॅगेत घालून आणू नका. ‘बिशप्स चिल्ड्रन’ या मिश्रणाचं बी देशातल्या विक्रेत्याकडे मिळालं तर तोच सोपा रस्ता. त्यातून लाल, केशरी, पिवळी, गुलाबी अशी एकेरी आणि अर्धदुहेरी फुलं निघतात आणि बहुतेक रोपं काळ्या पानांची असतात.

पेरणी लवकर का

सप्टेंबरअखेर दिवस बारा तासांच्या आत येतो. दिवस लहान झाला की डेलिया वाढ आवरून कंद भरायला आणि फुलायला लागतो. नोव्हेंबरात पेरलेलं रोप त्यामुळे वीतभर असतानाच कळी धरतं आणि त्याला फांद्या फुटत नाहीत. पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस लागणार नाही अशा पण उजेडाच्या जागी पेरा. कोकणात ऑक्टोबरचा उकाडा रोपांना सोसत नाही, म्हणून तिथे दुपारी सावली येणारी जागा बघावी. पानाचा रंग थोडा कमी मिळेल.

प्रो-ट्रेमध्ये ओलसर कोकोपीट भरून प्रत्येक कप्प्यात एक बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका. सात ते दहा दिवसांत उगवण होते. पहिली खरी पानं आली की निवड करायची: ट्रे उन्हात धरून देठ आणि पानाची मागची बाजू बघा. गडद रोपाचा देठ आतापासूनच तांबूस काळा असतो. पूर्ण हिरवी रोपं पुढे काळी होत नाहीत, ती वेगळी काढा. खऱ्या पानांच्या दोन जोड्या झाल्या की चार इंची पिशवीत हलवा. तिसरी किंवा चौथी जोडी सुटल्यावर शेंडा खुडा. हात कचरतो, पण न खुडलेलं रोप एकच दांडा वर नेतं आणि फुलांची संख्या खूप घटते.

माती आणि लावण

ऑक्टोबरच्या मध्याला लावण करावी. कुंडी बारा इंचाची, एका कुंडीत एकच रोप. मिश्रण दोन भाग पोयटा माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग जाडी वाळू. वर कुंडीमागे १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि ५० ग्रॅम हाडांचा चुरा. काळी माती असेल तर २० सेंटिमीटर उंच गादीवाफा करा, नाहीतर पाणी साचून कंद सडतात. दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा. आधाराची तीन फुटी काठी लावणीच्या वेळीच रोवा. नंतर खुपसली तर तिचं टोक वाढत्या कंदातून जातं आणि तिथूनच कूज सुरू होते. रोज निदान सहा तास थेट ऊन हवं.

युरिया अजिबात नको. पहिले तीन आठवडे काहीही न देता मुळं धरू द्या. कळ्या मोहरीएवढ्या दिसल्या की ०:५२:३४ हे विद्राव्य खत (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाशचे) लिटरला दोन ग्रॅम, दर बारा दिवसांनी, ओल्या मातीतच द्या. बहर सुरू झाला की ०:०:५० त्याच मात्रेत. नवी पानं मोठी, लुसलुशीत आणि हिरवट येऊ लागली तर नत्र जास्त झालंय असं समजा. दोन वेळा खत टाळा आणि साधं पाणी द्या.

पाणी सकाळी, मातीचा वरचा इंचभर थर सुकल्यावरच. दुपारी पानं माना टाकतात. ती संध्याकाळपर्यंत सावरली तर पाणी कमी नव्हतं, नुसतं ऊन होतं. माती ओली असताना झाड संध्याकाळीही कोमेजलेलं राहिलं, तर मूळकूज झालेली असू शकते. तेव्हा आणखी पाणी घालू नका, कुंडीचं भोक उघडं आहे का ते बघा.

फूल काढणं

एकेरी डेलियात हे काम फार महत्त्वाचं आहे, कारण मधमाश्या सहज पोचतात आणि बी पटकन धरतं. बी धरलं की झाड नव्या कळ्या आवरतं. पाकळ्या गळून गेलेलं बोंड आणि न उमललेली कळी लांबून सारखी दिसतात. बोटांत धरून बघा: कळी गोल आणि टणक असते, बोंड टोकदार, शंकूसारखं आणि दाबल्यावर मऊ लागतं. बोंड नुसतं तोडू नका, खालच्या पानाच्या जोडीपर्यंत दांडा कापा. त्या पेरातून नवा फुटवा येतो. दर दोन दिवसांनी हे केलं तर डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर बहर चालतो.

काय बिघडतं

काळ्या पानावर रोग उशिरा दिसतो, हा या झाडांचा खरा धोका. लाल कोळी या बारीक किडीने हिरव्या पानावर पिवळे ठिपके पडतात. इथे पान फक्त धुळकट, तांबूस करडं वाटतं. फेब्रुवारीत ऊन तापलं की आठवड्यातून एकदा पानाखाली पांढरा कागद धरून पान टिचकवा. ठिपके चालायला लागले तर पानांच्या मागून जोराचा पाण्याचा फवारा तीन दिवस मारा. मावा आणि फुलकिड्यांसाठी निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोड्या साबणासह, संध्याकाळी मधमाश्या परतल्यावर, आणि उमललेल्या फुलांवर उडू न देता. भुरीचा पांढरा थर मात्र काळ्या पानावर लगेच उठून दिसतो. त्यावर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, थंड वेळी. ऊन कडक असताना गंधकाने पानं करपतात.

पानाच्या शिरांलगत फिके पट्टे, पान आखडलेलं आणि झाड खुजं, हा मोझॅक विषाणू. त्याला औषध नाही. तो माव्यातून पसरतो आणि कंद व छाटकलमांतून पुढच्या वर्षी जातो. असं झाड मुळासकट काढून जाळा.

बी आणि कंद

आपला फेब्रुवारी–मार्च कोरडा असल्यामुळे बोंडं झाडावरच छान वाळतात. इंग्लंडमधल्या ओल्या शरद ऋतूत ती बरेचदा कुजतात. सगळ्यात काळ्या पानांच्या दोन झाडांवर शेवटची काही बोंडं राखा, तपकिरी कुरकुरीत झाल्यावर काढा. बी काळं, चपटं, जेमतेम सेंटिमीटरभर असतं. डेलियात गुणसूत्रांचे आठ संच असतात आणि परागीभवन शेजारच्या झाडांशी होतं, त्यामुळे फूल आईसारखं येईलच असं नाही.

हुबेहूब तेच फूल हवं असेल तर कंद सांभाळावे लागतात. मार्चअखेर पानं पिवळी पडली की पाणी कमी करत थांबवा आणि दांडा १५ सेंटिमीटर ठेवून कापा. डोळे कंदावर नसतात, दांड्याच्या बुडख्याशी असतात. म्हणून मानेपासून तुटलेला कंद कितीही जाड असला तरी फुटत नाही. बियांपासून वाढलेल्या झाडांचे कंद लहान असल्याने एप्रिल–मेच्या उन्हात चिरमुटतात. ते उकरण्यापेक्षा कुंडीतच ठेवा, कुंडी घराच्या उत्तरेकडे सावलीत आडवी करा, पंधरा दिवसांतून कपभर पाणी द्या. पावसाळ्यात कुंडीवर एक थेंबही पडू देऊ नका आणि पाणी देणंही बंद करा. ऑगस्टअखेर कंद काढून बुडखा वर राहील असे ओलसर कोकोपीटमध्ये अर्धे पुरा. दोन-तीन आठवड्यांत काळपट फुटवे येतात. ते सात-आठ सेंटिमीटरचे झाले की पेराखाली कापून वाळूत लावा. एका कंदातून चार-पाच रोपं मिळतात आणि ऑक्टोबरच्या लावणीला वेळेत तयार होतात.