मालक परगावी असताना बिल अडू नये म्हणून: तात्पुरता मॅनेजर पासवर्ड

लग्नसराईच्या तोंडावर आमचे मालक खरेदीला सुरतेला जातात आणि चार-पाच दिवस दुकान आमच्यावर असतं. बेळगावच्या शहापुरातल्या साड्यांच्या दुकानात मी हिशेब बघते. या दिवसांत सगळ्यात जास्त अडतं ते मालकांच्या पासवर्डापाशी. काउंटरवरच्या मुलाला ५ टक्क्यांपर्यंतच सूट देता येते. चंदगडहून बस्ता बांधायला आलेली मंडळी दुपारपासून गादीवर बसलेली असतात, साड्यांचा ढीग बाजूला काढलेला असतो आणि घोडं ८ टक्क्यांवर अडतं. नेमका तेव्हाच मालकांचा फोन लागत नाही.

मग सगळे करतात तेच होतं, मालक फोनवर आपला पासवर्ड सांगून टाकतात. हे करू नका, अगदी हात जोडून सांगते. मी आधी जिथं होते तिथं तो पासवर्ड कॅल्क्युलेटरच्या पाठीवर बॉलपेनानं लिहिलेला होता. वर्षअखेरीला काही रोख बिलं रद्द झालेली सापडली. काउंटरच्या एका मुलावर आळ आला आणि तो काम सोडून गेला. खरं काय ते कळायला मार्गच नव्हता, कारण रद्द झालेलं प्रत्येक बिल मालकांच्याच नावावर दिसत होतं. त्या पोराचा चेहरा अजून आठवतो.

म्हणून आता मालक निघायच्या आदल्या दिवशी मी बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये आत जायचं (लॉगिनचं) वेगळं नाव तयार करते. आमच्याकडे टॅली प्राइम हे हिशेब-बिलांचं सॉफ्टवेअर आहे. कंपनीच्या सेटिंगमध्ये 'कंट्रोल यूझर अ‍ॅक्सेस' आधीच चालू केलेलं असावं लागतं. मग ऑल्ट आणि के दाबून 'यूझर रोल्स'मध्ये जायचं आणि 'डेटा एंट्री'वर आधारलेला नवा रोल, म्हणजे अधिकारांचा साचा, करायचा. या रोलमध्ये जे द्यायचं तेवढंच मोजून द्यायचं. मागच्या तारखेची एंट्री किती दिवसांपर्यंत चालेल, तो आकडाही तिथंच भरता येतो. मी १ ठेवते. त्यानंतर 'यूझर्स अँड पासवर्ड्स'मध्ये ज्याला अधिकार द्यायचा त्याच्या स्वतःच्या नावानं यूझर करून त्याला हा रोल लावायचा. 'मॅनेजर२' असलं नाव ठेवू नका. ते कुणाचंच नसतं, म्हणजे पुन्हा कॅल्क्युलेटरची पाठच.

दुसरं बिलिंग सॉफ्टवेअर असेल तर मेनू वेगळा असेल, पण ठरवायच्या गोष्टी त्याच. सूट कितीपर्यंत (तशी मर्यादा घालायची सोय असेल तर)? बिल रद्द करता येईल का? उधारीची मर्यादा ओलांडता येईल का? कोणत्या तारखेपर्यंत? आम्ही सूट १० टक्क्यांपर्यंत सोडतो. बिल रद्द करणं मात्र देत नाही, कारण रद्द करण्यासारखं बिल एक दिवस थांबू शकतं, गादीवरचं गिऱ्हाईक थांबत नाही.

इथं बरेच जण एका गोष्टीत फसतात. पासवर्डाची मुदत संपणं आणि यूझर बंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत संपली की बहुतेक ठिकाणी नवा पासवर्ड मागतात, आणि तो घातला की माणूस परत आत. यूझरलाच शेवटची तारीख घालायची सोय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असली तर ती वापरा. नसेल तर कॅलेंडरवर लिहा आणि हातानं काढा.

नाव तयार झालं की मी स्वतः त्या नावानं आत जाते. ८ टक्के सूट घालून बघते, ती बसली पाहिजे. १२ टक्के घालते, ती अडली पाहिजे. एक बिल रद्द करायला जाते, तेही अडलं पाहिजे. हे तिन्ही झाल्याशिवाय पासवर्ड कुणाला सांगत नाही.

आपल्या सीमाभागात आणखी एक भानगड. गडहिंग्लज-कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला माल पाठवताना त्याचा जीएसटी नंबर २७ नं (महाराष्ट्र) सुरू होतो, आपला २९ नं (कर्नाटक). घाईत चुकीचं राज्य निवडलं की आयजीएसटीच्या (दुसऱ्या राज्यात विकताना लागणारा कर) जागी सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात लागणारा) पडतो आणि 'बिल दुरुस्त करायला अधिकार द्या' म्हणून मागणी येते. ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) निघालेलं असेल तर त्या पोर्टलवर ते २४ तासांच्या आतच रद्द होतं. त्यानंतर तुमच्या मॅनेजर पासवर्डाचा काही उपयोग नाही, क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढायची वेळ येते. म्हणून असली दुरुस्ती मी कुणाला सोपवत नाही, त्याच दिवशी स्वतः बघते.

जास्त सूट देताना कारणाच्या रकान्यात मुलं नुसतं टिंब देतात. आमच्याकडे नियम आहे: गिऱ्हाईक कोण, सूट कशाला, कुणाला विचारलं. एकदा मुलगा म्हणाला, "अक्का, एवढं लिहीत बसलो तर उशीर होतंय बगा." मी त्याला शेजारी बसवून जुन्या दुकानातल्या त्या पोराची गोष्ट सांगितली. तेव्हापासून तो न विसरता लिहितो, कधीकधी गावाचं नावसुद्धा.

मालक परत आले की चहा घेता घेता आम्ही ते नसतानाच्या दिवसांतली जास्त सूट दिलेली सगळी बिलं एकेक करून बघतो. ते झालं की मी यादीतून ते नाव काढते आणि त्याच नावानं, त्याच पासवर्डानं आत जायचा प्रयत्न करते. आत घेतलं नाही, की मग खुर्चीवरून उठते.