सेन्सर गप्प म्हणजे मागं मोकळं, असं नसतंय भावा! गाडी लावताना या चुका टाळा

मागच्या गणपतीत कोल्हापुरात राजारामपुरीत गाडी मागं घेत होतो, सेन्सर एकदम शांत, म्हटलं चला मोकळं आहे, आणि टच्च. उतरून बघतोय तर मांडवाचा लोखंडी पाइप, मनगटाएवढा पण जाड नाही, आणि बंपरवर बरोबर मधोमध त्याची उभी खूण. बायको म्हणाली, "अहो, सेन्सर होता की गाडीला." काय सांगणार तिला.

१ जुलै २०१९ पासून आपल्याकडं नव्या कारला मागचे सेन्सर कंपनीतनंच सक्तीचे झालेत, त्यामुळं आता गाडीला सेन्सर असणं काय कौतुकाचं राहिलं नाही, पण ते चालतात कसे हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. बंपरवरची ती गोल बटणं बघत नाहीत, ऐकतात. आपल्याला ऐकू येत नाही असा बारीक आवाज सोडायचा, तो मागच्या वस्तूवर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरनं अंतर काढायचं, एवढंच. पन्हाळ्याच्या कड्यावरनं हाक मारून तिचा परत आलेला आवाज ऐकायचा तसं. भिंत असली की आवाज सरळ परत येतो. पाइप बारीक असला की परत येणारा आवाजच कमी, तिरका पत्रा असला की आवाज भलतीकडं जातो, आणि गवताची पेंडी नाहीतर मऊ कापड असलं तर त्यातच जिरतो. म्हणजे मांडवाचा पाइप, नो पार्किंगच्या पाटीचा खांब, तारेचं कुंपण, यांच्यापुढं सेन्सरवर भरवसा ठेवायचा नाही.

आता सगळ्यात फसवी चूक. मागं गुडघ्याच्या खाली असेल असा कट्टा किंवा दगड असतो, लांब असताना सेन्सर बीप बीप करतो, आपण हळूहळू मागं जातो आणि मध्येच बीप बंद पडतं. आपल्याला वाटतं, सुटलो. खरं झालेलं असतं असं की सेन्सर बसलाय जमिनीपासून दीडपावणेदोन फुटावर, गाडी जवळ गेली की तो बुटका कट्टा त्याच्या टप्प्याच्या खाली गेला. बीप वाजत वाजत मध्येच गप्प झालं ना, की ब्रेक दाबायचा आणि खाली उतरून बघायचं, लाज वाटून घ्यायची नाही.

ह्याच्या उलटं ट्रकचं. लक्ष्मीपुरीत माल उतरायला ट्रक उभे असतात, त्यांचा फाळका सेन्सरच्या वर असतो, सेन्सरला फाळक्याखालची मोकळी जागा आणि लांबची चाकं दिसतात आणि तुमची मागची काच मात्र फाळक्याला जाऊन भिडते. ऊस हंगामात कसबा बावड्याकडं गाडी लावणाऱ्यांना तर वेगळं सांगायला नको, ट्रॉलीतनं बाहेर आलेला ऊस कुठल्याच सेन्सरला कळत नाही.

आणि पुढचा कोपरा! माझ्या बघण्यात निम्म्या खरचटण्या मागं लागून नाही तर पुढं लागून झाल्यात. रिव्हर्समध्ये स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की मागची बाजू आत जाते आणि पुढचं नाक उलट्या बाजूला बाहेर झुलतं. तुम्ही मान मागं वळवून कॅमेऱ्यात बघताय, मागचा सेन्सर पण मागचंच सांगतोय, आणि तेवढ्यात पुढच्या कोपऱ्यानं शेजारच्या बुलेटचा लेगगार्ड कवटाळला. मंगळवार पेठेतल्या बोळात शिरलात तर निम्मं लक्ष पुढच्या कोपऱ्यावर ठेवा, आणि स्टेअरिंग गाडी जरा मागं गेल्यावर फिरवा.

कॅमेऱ्याचं पण तसंच, लेन्स रुंद असल्यानं वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते. लाल रेघ हा अंदाज आहे हो.

"येऊ दे, येऊ दे" वाला माणूस हा स्वतंत्र विषय. महाद्वार रोडच्या बाजूला गाडी लावताना कोणीतरी हमखास मदतीला येतो, गाडीच्या बरोबर मागं उभा राहतो जिथं आपल्याला तो दिसत नाही, आणि "बास" म्हणतो ते धप्प आवाज आल्यानंतर. त्याला म्हणायचं, मामा, आरशात दिसेल असं ड्रायव्हर साइडला उभं राहा. आणि गाणी बंद करा, बीप आणि मामा दोन्ही ऐकू येतील.

सेन्सरच बिघडला असेल तर? मागं काही नसताना सारखं वाजत असेल तर आधी बंपर पुसा. आपल्या पावसात चिखलाचा एक थेंब वाळला तरी पुरतो. मग बघा नंबर प्लेट वाकून पुढं आलीय का, मागं लोखंडी गार्ड बसवलाय का, कव्हरची दोरी लोंबतेय का. तरी वाजतंच असेल तर इंजिन बंद, इग्निशन चालू, हँडब्रेक ओढून रिव्हर्स टाका आणि दुसऱ्याला एकेका सेन्सरजवळ कान न्यायला सांगा. चांगला सेन्सर बारीक टिकटिक करतो, मेलेला गप्प. एकच मेला असेल तर एकच बदला, चारही बदलायला सांगत असतील तर आधी कारण विचारा. अजिबातच आवाज नसेल तर रिव्हर्स लाइट लागतेय का बघा, बाहेरनं बसवलेल्या किटला करंट बहुतेक त्याच वायरमधनं दिलेला असतो. बंपर रंगवायला टाकला तर सेन्सर काढून द्यायला सांगा, वर जाड रंग बसला की तो बहिरा होतो. आणि वॉशिंगवाल्याला प्रेशरचा पाइप सेन्सरला टेकवू देऊ नका.

झालंच नुकसान तर घाईनं विम्याचा क्लेम टाकू नका, माझा पहिला मूर्खपणा तोच होता. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये सक्तीनं आपल्या खिशातनं जातात, त्याहून मोठ्या इंजिनाला २०००. बंपर प्लास्टिकचा, झिरो डेप (झीज न कापणारा जादा विमा) नसेल तर बदललेल्या प्लास्टिकचे ५० टक्के कापतात. वर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला, तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि वाढत वाढत ५० पर्यंत जातो. म्हणजे एका ओरखड्यासाठी पाच वर्षांची पुण्याई. आधी नख फिरवून बघा, नख अडकत नसेल तर रबिंगनं बहुतेक निघतं, दुसऱ्या गाडीचा रंग लागला असेल तर तो पण निघतो. पत्रा दिसत असेल तर मात्र पावसाळ्याआधी टचअप मारा, गंज धरायला वेळ लागत नाही. प्लास्टिक बंपरला छोटा पोचा असेल तर गरम पाणी ओतून आतनं दाबला की कधीकधी बाहेर येतो, माझा पाइपचा पोचा असाच निघाला. उभी रेघ राहिली ती राहिलीच, आता रोज पार्किंगमध्ये ती बघूनच गाडी काढतो.