गन बदलण्याआधी हवा तपासा: गाडी रंगवताना या चुका टाळा

चिपळूणजवळ माझी डेंटिंग-पेंटिंगची पत्र्याची शेड आहे. मध्यंतरी ओळखीतला एक पोरगा नवीकोरी एचव्हीएलपी (कमी दाबावर भरपूर हवा सोडणारी) रंगाची गन घेऊन आला, तोंड पाडून. "दादा, गन खराब निघाली. क्लिअर मारलं की संत्र्याची साल. दुकानदार परत घेत नाही."

क्लिअर म्हणजे रंगावरचा शेवटचा पारदर्शक थर. तो गुळगुळीत न बसता संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होत होता. मी विचारलं, कॉम्प्रेसर कुठला?

"दोन एचपी. आठ सीएफएम लिहिलंय त्याच्यावर."

गनमध्ये काहीच खोट नव्हती. तिला पुरेशी हवाच मिळत नव्हती.

स्टिकरवरच्या आकड्याला भुलणं

कॉम्प्रेसरवर लिहिलेला सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा तो आकडा, बहुतेक वेळा पिस्टनच्या मापाचा असतो. बाहेर येणारी हवा त्याच्या साधारण ६५ ते ७५ टक्केच भरते. म्हणजे आठचे झाले साडेपाच-सहा. एचव्हीएलपी गन तोंडावरच्या एअर कॅपपाशी जेमतेम १० पीएसआय दाब ठेवते आणि ती कसर भरपूर हवा ओतून भरून काढते. त्यामुळे रंग कमी उडून जातो, पण भूक मोठी: १० ते १५ सीएफएम. सहा सीएफएमवर ती रंग फोडू शकत नाही, जाड थेंब टाकते आणि तीच संत्र्याची साल.

स्वतःच्या कॉम्प्रेसरची खरी हवा मोजायला घड्याळ पुरतं. गनकडचा कॉक बंद करा आणि टाकीचा दाब ४ बारवरून ६ बारवर जायला किती सेकंद लागतात ते बघा. टाकी १०० लिटरची असेल तर दोन बार चढले म्हणजे २०० लिटर हवा आत गेली. त्या पोराच्या मशीनला ७५ सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला १६० लिटर. एक सीएफएम म्हणजे २८ लिटर धरा, आले साडेपाचच्या आसपास.

"मोठी टाकी लावू का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. टाकी हवा तयार करत नाही, साठवते. गन मिनिटाला ३६० लिटर खाते आणि मशीन १६० देते, तर टाकीतून मिनिटाला २०० जातात. ८ बारवरून ४ बारवर यायला १०० लिटरच्या टाकीला दोन मिनिटं लागतील. फेंडर निघेल. बॉनेटच्या अर्ध्यात मात्र फवारा मरायला लागतो, आणि मग एकाच बॉनेटवर दोन पोत दिसतात. शिवाय मशीन थांबतच नाही, हेड तापतं आणि गरम हवेबरोबर पाणीही जास्त पुढे जातं.

दोन एचपीवरच काम करायचं असेल तर एलव्हीएलपी (कमी दाब, कमी हवा) गन घ्या, तिला साधारण ४ ते ८ सीएफएम लागतात. खरेदीआधी त्या गनच्या कागदावरचा आकडा आपल्या मोजलेल्या आकड्याशी ताडून बघा. पूर्ण गाडी एचव्हीएलपीनेच मारायची असेल तर पाच एचपी आणि थ्री फेज यांची तयारी ठेवा. महागडी गन आणि बारका कॉम्प्रेसर या जोडीपेक्षा साधी गन आणि दमदार कॉम्प्रेसर मला कधीही चालेल.

ट्रिगर न दाबता दाब लावणं

भिंतीवरच्या रेग्युलेटरवर ३० पीएसआय दिसले म्हणून गनला ३० मिळतात असं नाही. वाटेत ती पिवळी-निळी स्प्रिंगसारखी नळी असते, दोन-तीन कपलर असतात, आणि हवा धावू लागली की प्रत्येक जण आपला हिस्सा कापून घेतो. गनच्या बुडाशी छोटा गेज लावा आणि ट्रिगर पूर्ण दाबून काटा बघा. त्या पोराच्या नळीत भिंतीवर ३० आणि गनपाशी १७ होते. १० मिलिमीटर आतल्या व्यासाची सरळ नळी लावली, तेव्हा कुठे काटा वर आला. एचव्हीएलपीला गनपाशी साधारण २६ ते २९ पीएसआय लागतात, नेमका आकडा गनवर कोरलेला असतो.

पाण्याला कमी लेखणं

आमच्याकडे जुलैत हवा पिळली तर पाणी निघेल, आणि कॉम्प्रेसर नेमकं तेच करतो. ३० अंश तापमान आणि ८० टक्के दमटपणा असेल तर हे असं छोटं मशीन तासभर सलग चाललं की हवेतून पेलाभर पाणी सुटतं. काही टाकीत बसतं, उरलेलं नळीतून थेट तुमच्या क्लिअरवर.

इथली नेहमीची चूक म्हणजे फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून लावणं. तिथे हवा गरम असते, पाणी अजून वाफेत असतं आणि ते फिल्टरमधून आरामात निघून जातं. पुढे नळीत हवा गार झाली की त्याचे थेंब होतात. हवेला आधी २५-३० फूट लोखंडी पाइपातून फिरवा, पाइपाला थोडा उतार द्या, शेवटी खाली पाणी काढायचा कॉक ठेवा. गनकडचा फाटा पाइपाच्या वरच्या अंगाने काढा आणि फिल्टर त्या टोकाला लावा. पीव्हीसी पाइप वापरू नका. दाबाखाली फुटला तर त्याचे तुकडे सुरीसारखे उडतात. टाकीचा खालचा कॉक रोज संध्याकाळी उघडायचा, रंगकाम असो वा नसो.

तेलाचंही बघा. फिल्टरच्या शेजारी तेलाची वाटी असलेला संच मिळतो, तो हवेवर चालणाऱ्या पान्यांसाठी. त्याच नळीवर गन लावली तर रंगाला डोळे, म्हणजे रंग न धरलेले गोल खड्डे, पडणारच. संशय आला तर रिकाम्या गनमधून पांढऱ्या कागदावर मिनिटभर हवा मारा. कागद तेलकट झाला तर कॉम्प्रेसरच्या रिंगा तपासा. कागद कोरडा आणि तरी डोळे पडताहेत, तर गाडीवर आधी कुणीतरी सिलिकॉनवालं पॉलिश घासलेलं असणार. तिथे गनचा दोष काढून उपयोग नाही.

नोझल

बेस (रंगाचा थर) आणि क्लिअरला १.३ किंवा १.४ मिलिमीटरचं नोझल, सरफेसरला (रंगाआधीचा भरणीचा थर) १.६ ते १.८. एकाच गनने सगळं उरकायचा हट्ट धरलात तर एक काहीतरी बिघडेल. सरफेसरसाठी स्वस्त गन वेगळी ठेवा.

कागदावर फवारा न बघता गाडीवर जाणं

भिंतीवर जुनं वर्तमानपत्र चिकटवा. वीतभर अंतरावरून हात न हलवता ट्रिगर क्षणभर दाबा. लांबट, कडेला विरत गेलेला पट्टा यायला हवा. डमरूसारखा, मधे बारीक आला तर दाब जास्त किंवा रंग फार पातळ. मधेच सगळा साचला तर दाब कमी किंवा रंग जाड. केळ्यासारखा वाकला, एका बाजूला जड झाला तर एअर कॅप अर्धी फिरवून पुन्हा मारा. वाक दुसऱ्या बाजूला गेला तर कॅपचं भोक बुजलंय. वाक तिथेच राहिला तर नोझल बघा.

गन फडफडत, थुंकत असेल तर रंगाच्या वाटेत हवा शिरतेय. आधी कपाच्या झाकणाचं बारीक भोक बघा, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी 'बिघडलेल्या' गन तिथेच दुरुस्त होतात. मग नोझल घट्ट आहे का, आणि निडलची (ट्रिगरने मागे सरकणाऱ्या सुईची) पॅकिंग सुकली आहे का.

भोकं साफ करायला तार किंवा टाचणी घालू नका. एक ओरखडा आला तरी कॅप गेली. दातकोरणं आणि मऊ ब्रश बस. आणि अख्खी गन रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवायची ती जुन्या मिस्त्र्यांची सवय सोडा, पॅकिंगा खाऊन टाकते.

तोंडाला रुमाल

टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. रुमाल, कापडी मास्क यांतून ते सरळ आत जातात, आणि एकदा का अंगाला त्यांची अ‍ॅलर्जी जडली की पुढे अगदी थोडासा अंश श्वासात गेला तरी दम लागतो. रोज मारत असाल तर बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच हवा. अधूनमधून काम करणाऱ्याने निदान चेहऱ्याला नीट बसणारा, रंगाच्या वाफेसाठीचा काडतूसवाला मास्क घ्यावा आणि काडतुसं वेळेवर बदलावीत. त्या पोराला मी नळीबरोबर हाही घ्यायला लावला. "गनपेक्षा महाग पडला की हो," म्हणाला, पण घेतला.