बॉल सोडून बघा: महिलांचा कॉलेज बास्केटबॉल सामना मैदानात जाऊन कसा बघावा

नोव्हेंबर उजाडला की मला ठरलेले फोन येऊ लागतात. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डच्या आसपास नव्याने आलेलं एखादं मराठी कुटुंब, घरात आठ-दहा वर्षांची मुलगी, आणि एकच प्रश्न: "ताई, यूकॉनच्या मुलींची मॅच बघायला जायचंय, काय तयारी करू?" तोवर त्यांना कोणीतरी तीन सल्ले देऊन ठेवलेले असतात. आधी नियम पाठ करा, सगळ्यात पुढच्या रांगेचं तिकीट काढा, आणि स्टार खेळाडूवरून नजर हटवू नका. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. मी स्वतः हे तिन्ही ऐकले आणि दोन सीझन वाया घालवले. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

यूकॉन म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कनेटिकट. प्रशिक्षक जेनो ऑरिएमा १९८५ पासून तिथे आहेत आणि १९९५ ते २०२५ या काळात या मुलींनी १२ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. मी लिहिते ते आमच्याकडच्या सामन्यांबद्दल, पण आयोवात असा, टेक्ससात असा की साउथ कॅरोलिनात, बघण्याची पद्धत तीच.

तिकीट आणि जागा

कुठल्या संघाविरुद्धचा सामना निवडायचा याचा घोळ घालू नका. नोव्हेंबर-डिसेंबरमधला, सुटीच्या दिवशीचा, दुपारचा कोणताही सामना चालेल. बॅग लहान ठेवा, शक्यतो पारदर्शक.

जागेबद्दल मात्र मी कोणाचं ऐकणार नाही. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने बास्केटच्या मागे, अगदी खालची महागडी तिकिटं काढली होती. दोन तास मला खेळाडूंच्या पाठी आणि खांबाची गादी दिसली. समोरच्या बास्केटजवळ काय चाललंय ते मोठ्या स्क्रीनवर बघावं लागलं. स्क्रीनच बघायचा तर घरी काय वाईट होतं? तुम्ही कोपऱ्याकडची जागा घ्या, पंधराव्या ते विसाव्या रांगेतली. माडीवरून अंगणातला खेळ दिसावा तशा दहाच्या दहा मुली तिथून एका नजरेत येतात. हाफटाइमनंतर संघ बाजू बदलतात, त्यामुळे कोपरा कुठलाही असला तरी दोन्ही संघांचं आक्रमण तुमच्या जवळ येतंच.

नियम, लागतील तेवढेच

दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर. कॉलेजच्या पुरुषांचा सामना अजूनही वीस मिनिटांच्या दोन हाफचा असतो, त्यामुळे तो बघणारा माणूस शेजारी बसून शिकवायला लागला तर त्याचे आकडे धरू नका. आक्रमणाला ३० सेकंद. तेवढ्यात शॉट हातातून सुटला पाहिजे, आणि तो रिंगला तरी लागला पाहिजे. पाचव्या फाऊलला खेळाडू बाहेर. एका क्वार्टरमध्ये संघाचा पाचवा फाऊल झाला की तिथून पुढे समोरच्यांना दोन फ्री थ्रो (कोणी अडवत नसताना टाकायचे शॉट), आणि पुढच्या क्वार्टरला ही मोजणी पुन्हा शून्यावर. तीन गुणांची रेघ, म्हणजे जिच्या बाहेरून बास्केट केला की तीन गुण, ती बास्केटपासून २२ फूट पावणेदोन इंचांवर. बस्स, एवढं पुरे. बाकीचं बघता बघता कळतं.

आणि घरातल्या कोणी "मुलींच्या खेळात डंक कुठे असतो" (डंक म्हणजे उडी मारून बॉल थेट रिंगमध्ये कोंबणं) असं सुरू केलं, तर त्यांना घरीच ठेवा. हे मी गंभीरपणे सांगते. पुरुषांच्या खेळाशी तुलना करत बसलेल्या माणसाला दोन तासांत काहीच दिसत नाही, आणि शेजारी बसलेली तुमची मुलगी ते ऐकत असते.

पहिला क्वार्टर

पहिला क्वार्टर बॉल बघा. सगळे बघतात तसाच. यूकॉनच्या घरच्या मैदानात, स्टॉर्सच्या गॅम्पेल पॅव्हिलियनमध्ये, त्या घुमटाखाली, यूकॉनचा पहिला बास्केट पडेपर्यंत सगळे उभं राहून टाळ्या वाजवतात, तुम्हीही वाजवा. यू-सी-ओ-एन-एन अशी अक्षरं ओरडतात, तीही ओरडा. डोळे त्या वेगाला सरावले की खरं काम सुरू करायचं.

बॉल सोडून बघणं

अवघड पायरी ही एकच, आणि माझे दोन सीझन इथेच गेले.

साधा हिशेब करा. सामना ४० मिनिटांचा, कोर्टवर खेळाडू दहा, बॉल एक. तो दहा जणींत सारखा वाटला तरी एकीच्या वाट्याला ४ मिनिटं येतात. पूर्ण वेळ खेळणारी मुलगी उरलेली ३६ मिनिटं काय करते? जी गोष्ट ती ३६ मिनिटं करते तो तिचा खेळ आहे, आणि आपण ४ मिनिटं बघून घरी येतो.

मला हे माझ्या मुलीने शिकवलं. सातवीत ती शाळेच्या संघात आली. एका शनिवारी सामना संपल्यावर गाडीत मी तिला म्हणाले, "आज तुला बॉल मिळालाच नाही गं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आई, मी अकरा स्क्रीन लावल्या. तू एकही बघितली नाहीस?" मी खरंच एकही बघितली नव्हती. पूर्ण वेळ बाकावर बसून, तिच्याच सामन्याला, मी तिला सोडून बॉल बघत होते.

स्क्रीन म्हणजे काय ते जवळून बघा. आपल्या शूटरच्या मागे समोरची डिफेंडर सावलीसारखी लागलेली आहे. अशा वेळी आपलीच दुसरी खेळाडू त्या डिफेंडरच्या वाटेत येऊन उभी राहते. पाय खांद्यापेक्षा जरा रुंद, गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही हात छातीवर आवळून. शूटर तिच्या खांद्याला खांदा घासून निघते, इतकी जवळून की मध्ये कागदही मावू नये, आणि मागची डिफेंडर त्या उभ्या भिंतीवर आदळते. वरच्या रांगेतही तो 'थप्प' ऐकू येतो. शूटर मोकळी, बॉल तिच्या हातात, तीन गुण. फलकावर नाव शूटरचं लागतं. जिच्या बरगडीला धक्का बसला तिचं नाव कुठेही येत नाही. आणि ती उभी राहिल्यावर धडकेच्या क्षणी जराशी जरी सरकली, तरी शिट्टी वाजते, फाऊल तिच्या नावावर लागतो आणि बॉल समोरच्यांना जातो. म्हणून बघायचे ते तिचे बूट.

कबड्डी बघितलेल्यांना हे पटकन कळेल. सगळं मैदान चढाई करणाऱ्याकडे बघत असतं, आणि जाणकार कोपरारक्षकाच्या पायाकडे. पकड होणार की नाही हे तो पाय आधी सांगतो. इथेही तसंच आहे.

आता कृती. दुसऱ्या क्वार्टरला एक खेळाडू निवडा. स्टार नको, फोटोवाली नको. उंच, आत बास्केटजवळ खेळणारी एखादी घ्या. सलग तीन आक्रमणं फक्त तिलाच बघा. बॉल कुठेही जाऊ दे. लोक ओरडतील, शेजारचे उठून उभे राहतील, मान आपोआप वळेल. वळू देऊ नका. पहिल्या आक्रमणात काहीच कळणार नाही. दुसऱ्यात ती एका जागेवरून दुसरीकडे का पळाली असा प्रश्न पडेल. तिसऱ्यात तिने लावलेली स्क्रीन दिसेल, आणि त्यानंतरचा बास्केट तुम्ही चेंडू रिंगमध्ये जायच्या आधीच ओळखाल. लोक ओरडायच्या अर्धा सेकंद आधी तुम्हाला कळलेलं असेल. मला हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी शेजारच्या अनोळखी बाईंचा हात धरला होता.

तीन आक्रमणं म्हणजे तीनच. पूर्ण सामना असा बघायला जाल तर डोकं दुखेल आणि मुलगी कंटाळेल. अधूनमधून बॉलकडे परत या.

तिसऱ्या क्वार्टरला नजर बॉलच्या उलट बाजूला न्या. बॉल डावीकडे असेल तर उजवीकडे बघा. तिथली डिफेंडर क्षणभर बॉलकडे मान वळवते, आणि तेवढ्यात तिच्या पाठीमागून आक्रमणातली मुलगी बास्केटकडे सुटते. याला बॅक कट म्हणतात. पास बरोबर आला तर दोन गुण अगदी सहज मिळतात. पास आलाच नाही तरी ते कटिंग वाया जात नाही, कारण एक डिफेंडर तिच्यामागे ओढली जाते आणि मागे जागा रिकामी होते. यूकॉनचा खेळ अशा धावण्यावर आणि पटापट पासवर उभा आहे. बॉल हातात धरून उभी राहिलेली खेळाडू तिथे फार वेळ खेळताना दिसत नाही.

स्टारला बघायचंच असेल तर तिच्या हातात बॉल नसताना बघा. ६ एप्रिल २०२५ ला टॅम्पातल्या अंतिम सामन्यात यूकॉनने साउथ कॅरोलिनाला ८२-५९ असं हरवलं. अझी फडने २४ गुण केले, सारा स्ट्राँगने २४ गुण आणि १५ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल). फडला शूटर म्हणून सगळे ओळखतात, पण तिच्या हातात बॉल येईपर्यंत तिचं निम्मं काम उरकलेलं असतं: एका स्क्रीनमागून निघणं, थांबल्यासारखं करणं, दिशा बदलून दुसऱ्या बाजूने येणं. घरी सराव करायचा असेल तर या सामन्याचं रेकॉर्डिंग घ्या आणि एकेक आक्रमण दोनदा बघा, एकदा बॉल धरून, एकदा बॉल सोडून. कॅमेरा मात्र बॉलमागे धावतो, त्यामुळे टीव्हीवर निम्मी चौकट हातून जाते. म्हणूनच मी मैदानात जायचा आग्रह धरते.

कानही उघडे ठेवा. उत्तम डिफेन्स ऐकू येतो. समोरून स्क्रीन येते आहे हे मागची मुलगी पुढचीला ओरडून सांगते, कारण पुढचीला ती दिसत नाही. बोलणं थांबलं की समजायचं, संघ दमला आहे.

बॉल नसताना कोर्टभर धावणं ही गोष्ट मुलींना सहज मिळालेली नाही. हा खेळ जिथे जन्मला ते स्प्रिंगफील्ड हार्टफर्डहून गाडीने अर्ध्या तासावर आहे. १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथने तिथे तो सुरू केला, आणि लगेच पुढच्या वर्षी जवळच्याच स्मिथ कॉलेजमध्ये सेंडा बेरेन्सनने तो मुलींना शिकवला. पण कोर्टचे तीन भाग करून, आणि आपला भाग ओलांडायचा नाही या अटीवर. मुलींना एवढं धावणं झेपणार नाही अशी त्या काळची समजूत होती. कॉलेजच्या मुलींना पाच जणींचा, पूर्ण कोर्टचा खेळ मिळायला १९७१ उजाडलं. त्याच्या पुढच्याच वर्षी टायटल नाइन कायदा आला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींना डावलण्याची मुभा उरली नाही. मी मुलीला हे एकदाच सांगितलं, स्प्रिंगफील्डला जाताना. तिला रेघ न ओलांडण्याची अट खरी वाटेना. तिने दोनदा विचारलं, "म्हणजे बॉल पलीकडे गेला तर त्या नुसत्या उभ्या राहायच्या?"

शेवटचं मिनिट

सामना अटीतटीचा असेल तर चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या मिनिटाआधी कोणाचे किती टाइमआउट उरलेत ते बघून ठेवा. महिलांच्या कॉलेज सामन्यात या शेवटच्या मिनिटात समोरच्यांनी बास्केट केल्यावर लगेच टाइमआउट घेतला, तर बॉल थेट पुढच्या अर्ध्या कोर्टात घेऊन तिथून सुरुवात करता येते. कॉलेजच्या पुरुषांना ही सवलत नाही. त्यामुळे दोन गुणांनी मागे, चार सेकंद उरलेले, तरी सामना संपलेला नसतो. लोक पार्किंगच्या गर्दीला घाबरून अशा वेळी उठतात. उठू नका.

टाइमआउटनंतर पुन्हा बॉल सोडून बघा. बाजूने बॉल आत टाकणारीकडे सगळं मैदान बघत असेल. तुम्ही बाकीच्या चौघींकडे बघा, कोण कोणासाठी स्क्रीन लावते आहे ते. शेवटचा शॉट कोण घेणार ते तिथे दिसतं.

घरी परतल्यावर

"आपल्या मुलींची उंची कुठे तेवढी" हे वाक्य फोनवर मला दर वर्षी ऐकावं लागतं. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघाची कर्णधार होती, हे मी त्यांना सांगते. शिवाय स्क्रीन लावायला उंची लागत नाही, पाय घट्ट रोवता आले पाहिजेत. तुमची मुलगी कुठल्याही संघात खेळत असेल तर तिच्या पुढच्या सामन्याला हेच करा, आणि गाडीत बसल्यावर गुणांबद्दल विचारू नका.

मी आता मुलीच्या शाळेच्या जिममध्येही कोपऱ्यातच बसते, वरच्या बाकावर. गेल्या शनिवारी नऊ स्क्रीन मोजल्या. नवव्या स्क्रीनला तिचा डावा पाय सरकला आणि शिट्टी वाजली. गाडीत बसल्या बसल्या मी म्हणाले, "शेवटच्या वेळी डावा पाय." ती पट्टा लावता लावता म्हणाली, "हो, मला कळलं होतं. पण त्याच्या आधीची बघितलीस?"

बघितली होती.