रानटर्कीची नजर आणि शिकाऱ्याची हालचाल : या चुका टाळा

अमेरिकेत वसंत ऋतूतल्या रानटर्कीच्या शिकारीला प्रथमच गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतला, की तो मादीची साद काढणाऱ्या ‘कॉल’ या साधनाला किंवा अंगावरच्या कॅमोफ्लाज कपड्यांना दोष देतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा नराने त्याला हलताना पाहिलेले असते. (भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्यामुळे हे विवेचन अमेरिकेत रीतसर परवाना घेऊन रानात जाणाऱ्यांपुरतेच आहे.)

टर्की मोराच्याच कुळातली. शेताच्या बांधावरचा मोर आपण पाऊल उचलताच मान ताठ करतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला या पक्ष्याची निम्मी ओळख आधीच झालेली असते. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे तिला एका जागी उभे राहून सुमारे 270 अंशांचा परिसर दिसतो, आणि मान जराशी वळवली की पाठीमागचेही काही सुटत नाही. या रुंद नजरेची किंमत म्हणजे दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी दिसणारा भाग अरुंद राहतो. म्हणून अंतराचा अंदाज घेण्यासाठी तिला डोके सतत पुढेमागे करावे लागते. परिणामी झाडाला टेकून निश्चल बसलेला माणूस तिला वीस पावलांवरूनही उमगत नाही, पण त्याच माणसाने अंगठा हलवला तर ती पन्नास पावलांवरून बुजते.

म्हणूनच सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे पक्षी दिसल्यावर बंदूक उचलणे. छऱ्याची बंदूक आधीपासूनच गुडघ्यावर टेकलेली असावी, आणि उजव्या हाताने चाप ओढणाऱ्याने डावा खांदा पक्षी येण्याच्या दिशेला ठेवून बसावे, कारण त्या बैठकीत नळी दोन्हीकडे सर्वांत जास्त फिरते. तरीही हलावे लागलेच, तर नराचे डोके झाडाच्या बुंध्याआड जाईपर्यंत थांबावे, किंवा तो पिसारा फुलवून पाठमोरा होईल तो क्षण साधावा. तेवढ्या वेळापुरता त्याचाच पिसारा त्याच्या नजरेच्या आड येतो. मात्र त्याच्याबरोबर माद्या असतील तर हा हिशेब चुकतो, कारण त्या पिसारा फुलवत नाहीत आणि त्यांची नजर मोकळीच असते. टर्कीचा तुटक, कोरडा ‘पट्’ असा धोक्याचा इशारा ऐकू आला, की बहुधा डाव संपलेला असतो.

दुसरी तक्रार नेहमीची आहे : नर सादेला उत्तर देत येतो, पण 60-70 यार्डांवर थबकतो आणि पुढे सरकत नाही. येथे साद अधिक जोराने काढणे हीच चूक ठरते. आवाजाची जागा त्याने अचूक हेरलेली असते, तेथवरचे रान त्याला स्वच्छ दिसत असते आणि मादी मात्र दिसत नसते. त्यामुळे मोकळ्या कुरणाच्या टोकाला बसू नये. उंचवट्यामागे किंवा वाटेच्या वळणाशी अशी जागा निवडावी, की आवाजाची जागा पाहण्यासाठी नराला बंदुकीच्या 40 यार्डांच्या (सुमारे 37 मीटर) टप्प्यात यावेच लागेल. माझ्या मते महागड्या कपड्यांपेक्षा हा एक विचार अधिक शिकार मिळवून देतो.

हरणांच्या शिकारीत मुरलेले लोक येथे वेगळ्याच प्रकारे फसतात. हरणाला दोनच प्रकारच्या रंगपेशी असतात आणि नाक तीक्ष्ण असते. टर्कीचे उलटे आहे. तिला वासाचे फारसे कळत नाही, पण तिच्या डोळ्यांत चार प्रकारच्या रंगपेशी असतात आणि आपल्याला न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशाचा काही भागही तिला जाणवतो. वाऱ्याची दिशा पाहत बसण्याऐवजी उघडा चेहरा, पांढरे तळहात आणि चकाकणारे घड्याळ झाकावे. कपडे उजळवणाऱ्या डिटर्जंटमधली द्रव्ये अतिनील प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून शिकारीचे कपडे त्यात धुऊ नयेत. कापडी लपणात बसणाऱ्याने आत काळे कपडे घालावेत आणि मागची खिडकी बंद ठेवावी, अन्यथा मागून येणाऱ्या उजेडात त्याची आकृती उठून दिसते.

अंधारात मात्र टर्कीची नजर अधू असते, आणि म्हणूनच ती झाडावर रातथारा करते. फटफटल्यावर रातथाऱ्याजवळ जाणे म्हणजे वर बसलेल्या पहारेकऱ्यासमोरून चालणे होय. उजाडण्यापूर्वीच जागा धरावी.

शेवटची चूक पक्ष्याच्या नजरेशी नव्हे, दुसऱ्या शिकाऱ्याच्या नजरेशी संबंधित आहे. नराचे डोके तांबडे, पांढरे आणि निळे असते, आणि हे रंग दिसले की दुसरा शिकारी माणसालाच टर्की समजू शकतो. त्यामुळे या रंगांचा रुमाल किंवा मोजादेखील अंगावर दिसू देऊ नये, आवाजाच्या दिशेने दबकत जाऊ नये, खांद्यांहून रुंद बुंध्याला पाठ टेकून बसावे आणि मारलेला पक्षी नेताना तो भडक नारिंगी कापडात गुंडाळावा.