टेक्ससचं हायस्कूल आणि ईओसी: नव्या मराठी पालकांनो, या चुका टाळा

दर ऑगस्टला डॅलसच्या आसपास भारतातून नवी कुटुंबं येतात, आणि मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये मला तोच प्रश्न येतो: "ताई, इथे बोर्डाची परीक्षा कितवीला?" नसते हो. इथे नववी ते बारावी ही चार वर्षं म्हणजे एक खातेवही. विषय पास झाला की क्रेडिट जमा. हायस्कूल पूर्ण केल्याच्या डिप्लोम्याला २२ क्रेडिट्स, एन्डॉर्समेंट (एखाद्या क्षेत्राचा जादा अभ्यास) घेतलं तर २६. शिवाय राज्याच्या पाच ईओसी (एंड-ऑफ-कोर्स, म्हणजे विषय संपताना द्यायच्या) परीक्षा: अल्जिब्रा वन, बायॉलॉजी, इंग्लिश वन, इंग्लिश टू आणि यूएस हिस्टरी.

मला सगळ्यात जास्त वैताग येतो तो नववीची गुणपत्रिका घरी विसरून येणाऱ्यांचा. तीन वर्षांपूर्वी ठाण्याहून एक कुटुंब आलं. मुलगा दहावी करून आलेला, बोर्डात ९१ टक्के. वडिलांनी बोर्डाची गुणपत्रिका लॅमिनेट करून आणली होती. जन्मदाखला, लसीकरणाचे कागद, सगळं फाइलीत नीट लावलेलं. नववीचं मात्र काहीच नाही. "नववीला कोण विचारतं?" आपल्याकडे खरंच कोणी विचारत नाही. इथे हायस्कूल सुरूच नववीपासून होतं, त्यामुळे काउन्सेलरच्या (मुलांचे विषय आणि क्रेडिट्स बघणाऱ्या शाळेतल्या मार्गदर्शकाच्या) लेखी पोराचं एक अख्खं वर्ष कोरं. वय अकरावीचं, आणि कागद येईपर्यंत त्याला बसवलं अल्जिब्रा वनमध्ये, नववीच्या पोरांबरोबर. तो मागच्या बाकावर बसून वहीत क्रिकेटच्या टीम काढायचा. तिकडे मामा शाळेत गेला तर गणपतीची सुट्टी. पुढच्या खेपेला क्लार्क रजेवर. मग एकदाची मिळाली, तर ती शिक्का नसलेली झेरॉक्स. सही-शिक्क्याची प्रत पोचेपर्यंत थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरअखेर आली होती. कागद वेळेत असते तर ज्या विषयाचं क्रेडिट इथल्या शाळेनं मान्य केलं असतं, त्याची ईओसीसुद्धा द्यावी लागली नसती.

मी सगळ्यांना एकच सांगते: आठवीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह, तीन-तीन प्रती, निघायच्या आधी. आणि त्या हातातल्या बॅगेत; लोणच्याच्या बरणीशेजारी सामानात नाही. शाळेत गेल्यावर मराठी, हिंदी, संस्कृतच्या गुणांवर बोट ठेवून काउन्सेलरला विचारा. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेची दोन क्रेडिट्स लागतात. ती यातून मिळू शकत असताना विचारायचा संकोच म्हणून पोरं दोन वर्षं स्पॅनिश घोकतात.

दुसरा गैरसमज: "वर्गात ए आहे, मग ईओसीची काय चिंता?" ही दोन वेगळी कुलपं आहेत. वर्गात ७० मिळाले की क्रेडिट. ईओसीत किमान 'अप्रोचेस' ही पातळी गाठली की ती परीक्षा पास. एकानं दुसरं उघडत नाही. आपली पोरं अल्जिब्रात हसत-हसत सुटतात आणि अडकतात इंग्लिशमध्ये. "आमचा इंग्लिश मीडियमचा आहे," हे मला सांगू नका. उतारा वाचून, त्यातले पुरावे देत, स्वतःच्या शब्दांत निबंध लिहायचा असतो आणि गाइडमधली पाठ केलेली उत्तरं तिथे चालत नाहीत. हिस्टरीचंही तेच. १८७७ नंतरची अमेरिका असते. न्यू डील कशाशी खातात हे ठाऊक नसलेला मुलगा शेवटच्या आठवड्यात काय करणार? राज्याचं शिक्षण खातं जुन्या परीक्षा फुकट देतं. मी शिकवायच्या आधी एक अख्खी परीक्षा कॉम्प्युटरवर सोडवायला लावते, कारण खरी परीक्षाही तिथेच असते. चुका बघून मगच पुस्तक उघडायचं. पोरांना हे आवडत नाही, आयांना तर त्याहून नाही.

नापास झाला तर जून आणि डिसेंबरमध्ये पुन्हा बसता येतं. जास्तीत जास्त दोन ईओसी राहिल्या तर अकरावी-बारावीत शाळेची समिती मुलाच्या बाकीच्या कामावरून निर्णय घेऊ शकते. ती एटीकेटी नव्हे. पहिल्याच दिवशी त्या समितीची चौकशी करणारे बाबा मी पाहिलेत.

आणि घाई! "उन्हाळ्यात परीक्षा देऊन जॉमेट्री उरकून टाकू." न शिकता परीक्षेतून क्रेडिट मिळवायला ८० लागतात. क्लास लावून ८१ आणणारी पोरं पुढे अल्जिब्रा टूमध्ये धापा टाकतात. शेजारच्यांच्या मुलीनं केलं, हे कारण होत नाही.

दहावीनंतर एन्डॉर्समेंट सोडायचा फॉर्म समोर आला तर सही करू नका. ते गेलं की डिप्लोम्याची वरची, 'डिस्टिंग्विश्ड' पातळी गेली, आणि वर्गात पहिल्या दहा टक्क्यांत असूनही सरकारी विद्यापीठातल्या थेट प्रवेशाचा हक्क गेला.

लग्नसराईला तीन आठवडे पुण्याला? ९० टक्के हजेरी भरली नाही तर पास होऊनही क्रेडिट अडकतं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर नियम विचारू नका. २०१३ च्या कायद्यानं १५ ईओसींच्या पाच केल्या, २०२५ मध्ये पुन्हा नवा कायदा झाला, आणि ग्रुपवरचे काका अजून स्वतःच्या थोरल्याच्या वेळचं सांगतात. काउन्सेलरला ईमेल करा, उत्तर लेखी ठेवा.

हो, आणि सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याला छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार. सातवी ते बारावीत कधीतरी ते शिकल्याची नोंद लागते. भारतातून आलेल्यांची हमखास राहते.