जुन्या चिनीमातीचं वय ठरवताना या चुका टाळा

जुनी बशी हातात आली की आपण ती आधी उलटी करतो. सवय चांगलीच आहे. पण बहुतेक चुकांची सुरुवातही तिथूनच होते.

पहिली चूक माझीच. चोर बाजारात एका बशीच्या तळाला वेजवुड आणि त्याखाली १७५९ असं छापलेलं दिसलं, आणि मी घासाघीस न करता पैसे मोजले. १७५९ हे वेजवुड या इंग्रजी चिनीमाती कंपनीच्या स्थापनेचं साल. ते मिरवणारा शिक्का विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी सुरू झाला. शिक्क्यातल्या सालाला जन्मतारीख समजू नका. आणि नुसतं ‘वेजवुड’ आणि ‘वेजवुड अँड को’ ही दोन वेगळी घराणी, हेही तेव्हा ठाऊक नव्हतं.

देशाच्या नावाचंही तसंच. १८९१पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, म्हणून ‘इंग्लंड’ असेल तर वस्तू बहुधा त्यानंतरची, आणि ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर सहसा विसाव्या शतकातली. पण नाव नाही म्हणजे १८९१च्या आधीची, हा उलटा हिशेब चालत नाही. तो कायदा अमेरिकेचा. मुंबईच्या बंदरात उतरलेल्या मालाचं त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. शिवाय अख्ख्या सेटमध्ये काही कपबश्यांवर शिक्काच नसायचा. जपानी मालावर ‘निप्पॉन’ (जपानचंच जपानी नाव) असेल तर साधारण १८९१ ते १९२१, ‘ऑक्युपाइड जपान’ (परक्या ताब्यातला जपान) असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२पर्यंतची मोजकी वर्षं.

इंग्रजी वस्तूवर चौकटच्या पानासारखी छोटी आकृती दिसली तर मात्र खूश व्हा. ही नक्षीच्या नोंदणीची खूण, १८४२ ते १८८३मधली. वर्षाचं अक्षर १८६७पर्यंत वरच्या कोपऱ्यात, १८६८पासून उजव्या कोपऱ्यात. तरी ती तारीख नक्षी नोंदवल्याची. तीच नक्षी पुढे कित्येक वर्षं छापली जाई.

चिनी शिक्क्यांपुढे तर भल्याभल्यांची फसगत होते. कांगशी बादशहाची कारकीर्द १६६२ ते १७२२, पण त्याच्या नावाचा शिक्का एकोणिसाव्या शतकातल्या निळ्या-पांढऱ्या बरण्यांवर सर्रास सापडतो. आणि खुद्द कांगशीच्या काळातले कारागीर मिंग बादशहा चंगहुआचं (१४६५–८७) नाव घालत. ही लबाडीच असेल असं नाही. जुन्या कामाबद्दलचा आदर म्हणूनही ते घालत. म्हणून शिक्का सर्वांत शेवटी वाचा. आधी तळाची कड बघा: तिथे झिलई नसते, उघडी माती दिसते. खऱ्या वापराचे चरे वेडेवाकडे, कमीजास्त खोल असतात. सगळे एकाच दिशेने गेले असतील तर कुणीतरी सँडपेपर फिरवलाय. झिलईतल्या भेगा चहाच्या पाण्यात बुडवून तपकिरी करता येतात, तेव्हा भेगांवरही भाळू नका.

डाग काढायला ब्लीच वापरू नका, झिलई सुटते. गरम पाण्यात भिजवूही नका, जुना डिंक विरघळून डागडुजी केलेला दांडा हातात येईल. तडा लपवलाय अशी शंका असेल तर अंधारात यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च मारा. भरलेला भाग बऱ्याचदा वेगळा चमकतो. टिचकी मारली की अखंड चिनीमाती खणखणते, तडकलेली बद्द वाजते. मात्र दुकानदाराला विचारून मारा.